मशीनमध्ये चारोळी नाही

आमच्या भागातल्या माणसाकडून दिवाळी अंकासाठी अनुभव मागवला की संपादकांना वाघ हवा असतो. माझ्याकडे वाघ नाही. गडचांदूरला माझ्या घरामागे काही अंतरावर चुनखडीची खाण आहे, पुढे सिमेंटचं दुकान आहे, आणि मधल्या खोलीत मी खिडक्या लावून बसते, कारण उघड्या ठेवल्या तर कीबोर्डवर पांढरी धूळ बसते. उभा जन्म मी याद्या केल्या. वाणसामानाच्या नव्हेत. त्या आमचे हे करतात आणि माझ्यापेक्षा बऱ्या करतात.

हे खाणीत सुरुंगाच्या कामावर होते. निवृत्त झाल्यापासून मोठा आवाज करण्याची त्यांची हौस घरातच भागते. लग्नाकार्यात कोणी विचारलं, "रामटेकेबाई काय करतात?" तर मी तोंड उघडायच्या आत हे सांगून मोकळे होतात, "ते कम्प्युटरची भाषा दुरुस्त करते. तिची सोताची भाषा तं कोनी दुरुस्त नाई करू शकलं."

यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. मी आधी सिमेंट कारखान्याच्या संगणक विभागात होते. नंतर पुण्याच्या एका कंपनीनं घरबसल्या काम दिलं. ती कंपनी जी संगणकभाषा वापरते, ती कोणा एकाच्या मालकीची नाही. जगभरची माणसं मिळून ती सांभाळतात, आणि कंपनीनं माझा थोडा वेळ त्या सांभाळण्याला देऊन टाकला. तो माझा सर्वात निरुपयोगी वेळ असावा असा मला संशय आहे.

बाहेरच्या माणसासाठी थोडं समजावून सांगते. प्रत्येक संगणकभाषेसोबत तयार सामानाचं एक कपाट मिळतं. तारखा मोजायच्या, नावं क्रमानं लावायची, तर दर वेळी सुताराला बोलवावं लागत नाही, कपाट उघडायचं. त्या कपाटातला एक खण माझ्याकडे. त्यात ठरीव याद्या असतात. धंद्यात त्यांना एनम म्हणतात. ठरीव यादी म्हणजे जिच्यात काय काय येऊ शकतं हे आधीच ठरलेलं आहे: आठवड्याचे वार, पत्त्यांमधले इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. प्रोग्रामला सांगून ठेवायचं की बाबा, एवढेच. यापलीकडचं कोणी काही आणून दिलं तर घेऊ नकोस. ऐकायला इतकं सोपं, की यात कोणी आयुष्य घालवावं असं वाटू नये. मलाही वाटलं नव्हतं.

कारखान्यात असताना माल नेणाऱ्या ट्रकांसाठी अशी एक यादी होती: आला, भरतोय, भरला, गेला. फाटकावरच्या मोठ्या पडद्यावर प्रत्येक ट्रकच्या नंबरापुढे यातलं एक दिसायचं. आमच्यातल्या एका उत्साही सहकाऱ्याला वाटलं की ड्रायव्हर जेवायला गेला तरी ट्रक 'भरतोय' दिसतो, हे बरोबर नाही. म्हणून त्यानं काट्यावरच्या प्रोग्राममधून चालत्या यादीत पाचवं नाव घुसवलं: जेवतोय. तेव्हाच्या यादीत असं कोणीही, कुठूनही नाव घालू शकत असे. पण फाटकावरच्या प्रोग्रामला या पाचव्या नावाची खबरच नव्हती. जो ट्रक त्याला समजेना, तो त्यानं पडद्यावरून काढून टाकला. जेवणाची वेळ झाली तसे एकामागून एक ट्रक जगातून नाहीसे व्हायला लागले. ड्रायव्हर हात पुसत परत आले तर फाटकावाला म्हणे, "तुहा ट्रकच नाई आपल्याकडे."

"अबे, हा काय उभा आहे!"

"मले दिसून राह्यला ना. पन कम्प्युटरले नाई दिसून राह्यला."

रांग पार चौकापर्यंत गेली. साहेबांनी मला बोलावून विचारलं की कम्प्युटरला ट्रक कधी दिसेल. मी म्हटलं, सगळ्यांचं जेवण झालं की. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच खूळ शिरलं: यादी बंद हवी. एकदा लिहिली की कुलूप. नवं नाव घालायचं तर ज्यानं लिहिली त्यानं मूळ लिखाणात बसून घालावं. वाटेनं जाणाऱ्यानं खिडकीतून टाकू नये.

पुढे तो खण माझ्याकडे आला तेव्हा मी रीतसर प्रस्ताव मांडला. आमच्यात रीत अशी, की ज्याला काही बदलायचं त्यानं ते सगळ्यांसमोर लिहून मांडायचं. जगातला कोणीही आक्षेप घेऊ शकतो, आणि प्रत्येक आक्षेपाला उत्तर द्यावं लागतं. शेवटी कपाटाचा राखणदार निर्णय देतो. आमचे राखणदार उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातले अतिशय सोशिक गृहस्थ आहेत. घरात आम्ही त्यांना आजोबा म्हणतो. ते माझ्यापेक्षा लहान असण्याची दाट शक्यता आहे.

या कामाला पैसा नाही, टाळ्या नाहीत. पण मान्य झालेल्या भागाच्या माथ्यावर तो मांडणाऱ्याचं नाव एका ओळीत राहतं. भाषा जिवंत आहे तोवर राहतं. आमच्या घराच्या पाटीवर यांचं नाव आहे, विजेच्या बिलावर सासऱ्यांचं आणि गॅसच्या पुस्तकावर दिराचं. मला ती ओळ हवी होती. इतकी, की आरशासमोर उभी राहून मी ती मोठ्यानं वाचूनही पाहिली होती.

आक्षेप घेणाऱ्यांत एकेक नमुने होते. एका गृहस्थांनी आपल्या मुलांची नावं ठरीव यादीत घातली होती, वाढदिवसाची आठवण करून देणाऱ्या प्रोग्रामसाठी. यादी बंद झाली तर पुढच्या मुलाचं काय, असं त्यांनी विचारलं. मी विचारलं, अजून किती अपेक्षित आहेत? त्यावर त्यांच्या पत्नीचं उत्तर आलं: यादी बंद करावी, तिचा पूर्ण पाठिंबा आहे. दुसऱ्या एकाला बदल मान्य होता, पण 'बंद' हा शब्द मान्य नव्हता. त्याला तो नकारात्मक वाटत होता. त्या एका शब्दावर जे दळण झालं ते इथे सांगत नाही, कारण मला अजून जगायचं आहे.

हळूहळू सगळे निवळले. एकच आक्षेप उरला. टोपणनाव आर-के.

आर-केचं म्हणणं असं, की चालत्या प्रोग्रामला यादीत नवं नाव घालता आलंच पाहिजे. का? तर माझ्या कामात एक वस्तू वर्षातला बराच काळ नसतेच आणि एका दिवशी असते. मी समजावलं, की नाव यादीत कायम ठेवा आणि शेजारी चालू-बंदची खूण ठेवा. आर-के म्हणे, खूण चालणार नाही. जे नाव दिसतं ते कोणीतरी दाबायला लावतं. मी लिहिलं, की आपली गरज मला काल्पनिक वाटते. हे इंग्रजीत सभ्यपणे लिहायला मला अख्खी सकाळ लागली. आर-केचं उत्तर लगेच आलं: "तुम्हाला आयुष्यात कधी कोणाला नाही म्हणावं लागलेलं दिसत नाही." इंग्रजीत होतं म्हणून कमी लागलं.

महिनोन्‌महिने हे चाललं. आर-के म्हणजे दाढीवाला, कुत्रा पाळणारा, बर्फात राहणारा कोणी पुरुष असणार असं मी ठरवून टाकलं होतं. हे जेवताना म्हणायचे, "भांडायले इतक्या दूर कायले जातं वं? आमी आहो ना घरी."

शेवटी मी वैतागून लिहिलं, की गोल गोल बोलू नका, खरा प्रोग्राम दाखवा. आर-केनं दाखवला. प्रोग्राम लिहिणारे पुढच्या माणसासाठी मधेमधे सूचना लिहून ठेवतात. नाव घालण्याच्या बटनाच्या वर अशी एक सूचना होती, चक्क देवनागरीत: 'पंडुम झाल्याबिगर इथी हात नोको लावू.'

मी अशी ओरडले की हे धावत आले. "साप हाय का?"

"नाई. झाडीतलं, आपल्याच इकडचं हाय कोनीतरी!"

तिथेच, साऱ्या जगासमोर, मी लिहिलं: तू कोन गावचा? उत्तर आलं: कुरखेडा. तुमी? मी: गडचांदूर. ती: अगाई. आजोबांनी नम्रपणे सुचवलं, की चर्चा सर्वांना समजेल अशा भाषेत ठेवावी.

आर-के म्हणजे रजनी कुमरे. नागपुरात संगणकाचं शिक्षण आणि नोकरी करून परत कुरखेड्याला आलेली, तिथल्या ग्रामसभांना प्रोग्राम लिहून देणारी. फोनवर पहिलं वाक्य म्हणाली, "मले वाटलं, तुमी कोनी गोरा म्हातारा आहा." मी म्हटलं, अर्धं बरोबर आहे. मग आम्ही इंग्रजीत जेवढं भांडलो होतो तेवढंच मराठीत भांडलो. ते खूपच सोपं गेलं. शेवटी ती म्हणाली, "बाई, फोनवर नाई समजत हे. तुमी या इकडं. पंडुमाच्या आधी या."

चंद्रपूर, मूल, गडचिरोली, आरमोरी करत मी एसटीनं कुरखेड्याला पोचले तेव्हा अंगाचा पापड झाला होता. पिशवीत यांनी दिलेली पोळी-भाजी आणि लॅपटॉप. लॅपटॉपवर माझ्या बंद यादीची चाचणीची आवृत्ती होती. मनात असं, की पोरीला चांगली पटवून द्यावी, आक्षेप मागे घ्यायला लावावा आणि ती ओळ खिशात घालून परत यावं.

सकाळी रजनीनं मला स्कूटरवर बसवून पुढच्या एका गावात नेलं. ग्रामसभेच्या पडवीत वनोपजाचं संकलन केंद्र आहे: एक वजनकाटा, एक लॅपटॉप, एक छपाईयंत्र आणि फुलवंताबाई. लोक मोह, डिंक, हिरडा आणतात, फुलवंताबाई वजन करते, प्रोग्राममध्ये मालाचं नाव निवडते आणि पावती देते. गावाच्या पावतीशिवाय माल जंगलाबाहेर नेता येत नाही. कामाचा गाभा एवढाच.

आता चारोळी. ती पिकेपर्यंत थांबावं लागतं. पण एका घरानं थोडी आधी तोडली की दुसरं घर म्हणतं, आपल्याला काय उरेल? मग सगळे कच्चीच ओरबाडतात, फांद्यांसकट, आणि आत दाणा भरलेलाच नसतो. म्हणून जुनी रीत आहे: गावाची पूजा होईपर्यंत नवं फळ कोणी खायचं नाही आणि विकायचं तर नाहीच. त्या पूजेला पंडुम म्हणतात. दिवस गाव ठरवतं, झाडाकडे बघून.

रजनीनं हीच रीत प्रोग्राममध्ये घातली होती. पंडुमापर्यंत मालाच्या यादीत चारोळी नाही. बंद नाही, मना नाही, मुळी नाहीच. पंडुम झाला की फुलवंताबाईनं एक लपवलेलं बटन दाबायचं आणि चारोळी यादीत येते. हेच ते चालत्या यादीत नाव घालणं. माझा बदल झाला तर हे बटन मेलं असतं.

"पण खूण का नाही ठेवत?" मी पडवीत बसल्या बसल्या पुन्हा सुरू केलं.

"थांबा जरा," रजनी म्हणाली. "तो येऊन राह्यला, पाहा."

व्यापाऱ्याचा मुनीम आला. फुलवंताबाईच्या घरचे दोघं त्याच व्यापाऱ्याच्या कामावर जातात, हे रजनीनं मला वाटेतच सांगितलं होतं. अशा माणसाला तोंडावर नाही म्हणणं काय असतं, ते मला गडचांदूरला बसून कळलं नव्हतं. मुनीम खांबाला टेकला.

"एक पावती दे ना वं, फुलवंता. थोडीशीच तं हाय चारोळी."

"देतो ना भाऊ. मी कायले नाई म्हनू? पन मशीनमंदी चारोळी नाईच ना." तिनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्यानं पडद्यावर बोट फिरवलं. मोह, डिंक, हिरडा, बेहडा, मध. पुन्हा वरून खाली फिरवलं.

"काऊन नाई?"

"आता नाई तं काय करू जी?"

तो पडद्याकडे असा बघत राहिला, जसं माणूस ढग नसलेल्या आभाळाकडे बघतो. भांडायला समोर कोणी नव्हतंच. ठरीव यादीचा इतका सुंदर उपयोग मी जन्मात पाहिला नव्हता. अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला.

"नाही कसं?" मी म्हटलं. "चालू प्रोग्राममध्ये घालता येतं की नाव. हीच तर या यादीची चूक आहे."

मुनीम सावकाश वळला. "घालता येते?"

रजनी माझ्यापेक्षा हुशार आहे. तिनं पापणी लवू न देता सांगितलं, "त्या बाई सिमेंटमदल्या आहेत जी. इथलं काई समजत नाई त्याइले."

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला एकच काम उरलं होतं. मी म्हटलं, "हो, मला काही कळत नाही यातलं. मी आपलं सहज बोलले. मला तर मोबाइलही धड येत नाही."

मुनीमानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वाटतेच तसं," तो म्हणाला.

त्यानं क्षणभर तरी शंका घ्यायला हवी होती. इतक्या चटकन विश्वास ठेवला, की ते मला अजून पचलेलं नाही. पण विश्वास त्यानं फक्त माझ्या अडाणीपणावर ठेवला. जाताना सांगून गेला, "उद्या कुरखेड्याचा मोबाइलवाला घेऊन येतो. त्याले सारं येते."

तो गेल्यावर फुलवंताबाई लॅपटॉप पुसत बसली. मला रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आतावरी मशीन नाई म्हने, बाई. उद्या मले म्हना लागन." मग लॅपटॉप मिटत, "मले नाई जमत जी ते."

मला रडू आलं. कोणाला नाही म्हणावं लागलेलं दिसत नाही, असं या पोरीनं मला लिहिलं होतं, ते आता मराठीत लागलं. मी उठून तलावाच्या पाळीवर गेले. गावात नेटवर्क फक्त तिथेच लागतं. बाभळीखाली उभी राहून मी मोबाइलवर माझा प्रस्ताव मागे घेतला. काय सुंदर लिहिलं होतं! ज्या गरजेला मी काल्पनिक म्हटलं ती मी आज डोळ्यांनी पाहिली, याद्या उघड्याच राहू द्या, मी जगाची क्षमा मागते, वगैरे. मोठेपणाचा झटका आला की माझं इंग्रजी सुधारतं. पाठवलं, पुन्हा वाचलं, स्वतःवर खूश झाले आणि डोळे पुसत परत आले.

पडवीत रजनी माझाच लॅपटॉप उघडून बसली होती. माझी चाचणीची आवृत्ती तिनं केंद्राच्या मशीनवर चढवली होती.

"हे काय करून राह्यली?"

"यादी बंद करून राह्यलो. तुमच्या तोंडानं माहा बटन तं मेलंच ना. लपवलेलं होतं तवरच त्याचा उपयोग होता. आता खरंच बंद पाहिजे. तुमी म्हनत होत्या तसं."

"पण पंडुमाच्या दिवशी?"

"तवा मी येऊन मूळ लिखानात लिहीन. गावासमोर. फुलवंताबाईच्या हातात काईच नाई पाहिजे. मंग तिले कोनी काय सांगन?" आणि मान वर न करता म्हणाली, "तुमचंच बरोबर होतं, बाई. आता जातो पाळीवर, आक्षेप वापस घेतो."

मी माझा मोबाइल पिशवीत तळाशी ढकलला.

पुढचं इथेच सांगून टाकते. आमच्यात नियम आहे, की ज्यानं प्रस्ताव मागे घेतला त्यानं तो त्या फेरीत परत मांडायचा नाही. नाहीतर माझ्यासारखी माणसं रोज मागे घेतील आणि रोज मांडतील. आजोबांनी दोन्ही पत्रं वाचून विचारलं, की तुमच्या भागात भांडणं अशीच मिटतात का? मी लिहिलं, मिटत नाहीत, फक्त बाजू बदलतात. शेवटी प्रस्ताव रजनीनं आपल्या नावानं मांडला आणि तो मान्य झाला. ती ओळ आता तिच्या नावाची आहे. ती म्हणते, दोघींचं नाव घालू. मी मोठ्या मनानं नको म्हटलं आणि घरी येऊन यांच्याशी भांडले.

पण ते नंतर. दुसऱ्या दिवशी मुनीम खरोखरच मोबाइलवाल्याला घेऊन आला. चांगला तयारीचा माणूस होता. त्यानं बाह्या सरसावल्या, मशीन इकडून उघडलं, तिकडून उघडलं. बटन शोधलं, ते नव्हतं. मग आडवाटेनं यादीत नाव कोंबून पाहिलं. कोणी असं केलं की काय उत्तर द्यायचं, ते वाक्य मी स्वतः लिहिलेलं होतं. ते पडद्यावर आलं आणि मी पदर तोंडात धरला. मोबाइलवाल्यानं ते वाचून मुनीमाला अर्थ सांगितला, "म्हन्ते का, यादी बंद आहे. नवीन नाव पाहिजे असन तं ज्यानं लिहिली त्याले विचारा."

"कोनं लिहिली?" मुनीमानं विचारलं.

रजनी तोंड उघडणार, तेवढ्यात फुलवंताबाई म्हणाली, "गावानं."

मोबाइलवाल्यानं हात झटकले. मुनीम पुटपुटत निघून गेला. पण तो जास्त दूर गेला नाही. लोकांकडून आधीच गुपचूप घेतलेली कच्ची चारोळी पोत्यात भरून ठेवलेली होती, आणि पंडुम आता तोंडावर होता. त्याला फक्त वाट बघायची होती. ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. मी जिंकल्याच्या नादात दोन वेळचं जेवण जास्त जेवले.

पंडुम झाला त्या सकाळी मला लांबून बघू दिलं. पूजा झाली, मग म्हाताऱ्यांनी नवं फळ आधी तोंडात घातलं, मग पोरांनी. मलाही दिलं. गोड, थोडं तुरट, आणि बी मोठी. तिथून सगळे पडवीकडे आले. रजनीनं मूळ लिखाण उघडलं आणि मशीन माझ्यापुढे सरकवलं.

"लिहा, बाई."

"तूच लिही. तुझी यादी आहे."

"लिहा ना जी," मागून कोणी म्हातारी म्हणाली. "आता हो म्हनलं ना गावानं."

मी आयुष्यभर याद्या केल्या, पण त्यांतल्या एका शब्दासाठी कोणी माझ्यामागे उभं राहून वाट बघितल्याचं मला आठवत नाही. चारोळी असं लिहिलं, पुन्हा तपासलं आणि प्रोग्राम नव्यानं सुरू केला. पडद्यावर मधाच्या खाली चारोळी आली. पोरांनी आरडाओरडा केला. मी फार भारावून गेले होते. माझं कुलूप, रजनीची रीत, दोन्ही कशी सुरेख जुळली, यावर आजोबांना काय लिहावं हे मी मनात जुळवायलाही लागले होते.

तेवढ्यात गर्दीतून मुनीम पुढे आला. दोन माणसांनी त्याची पोती आणून काट्याजवळ टाकली.

"आता आली ना चारोळी मशीनमंदी?"

"आली," फुलवंताबाई म्हणाली.

"मंग फाड पावती."

आता कुलूप उघडं होतं. यादीला कच्ची आणि पिकली कळत नाही, तिला फक्त नाव कळतं. मी रजनीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. दोघींच्या डोक्यात एकच विचार, की यादीत अजून एक नाव घालावं, की एक तपासणी घालावी, की काय करावं? मी खरंच कीबोर्डकडे हात नेला.

फुलवंताबाईनं पोत्यात हात घातला. मूठभर बिया काढल्या, एक दाताखाली फोडली आणि पोकळ टरफल थुंकलं. मशीनकडे ती वळलीसुद्धा नाही. तिचा आवाज पडवीतल्या सगळ्यांना ऐकू गेला.

"नाई देत भाऊ," ती म्हणाली. "मी नाई म्हनतो."